चौकटीतले वाक्य

गेल्या महिन्यात विद्यापीठातल्या एका जुन्या मैत्रिणीची ईमेल आली. पदव्युत्तर वर्गात आम्ही दोघी दोन वर्षे शेजारी शेजारी बसत असू. आता ती दुसऱ्या एका देशात तत्त्वज्ञान शिकवते. ईमेलसोबत तिने आपल्या त्या वेळच्या वहीतल्या एका पानाचा फोटो जोडला होता. आखीव पान, निळी शाई, तिचे ते उजवीकडे कललेले, घाईचे अक्षर. पानाच्या मध्यावर एक वाक्य चौकटीत घातले होते आणि चौकट पुरेशी वाटली नसावी म्हणून त्याच्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या. पुढे कंसात माझ्या नावाचे आद्याक्षर. डावीकडच्या समासात एक पुसट करडा ठिपका होता, तो मला कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ वाटला. वाक्य वर्गाच्या भाषेत होते, पण ज्या भाषेत ते माझ्या मनात तयार झाले होते त्या भाषेत सांगायचे तर असे होते: ‘आमच्यात व्यक्तीपेक्षा कुटुंब मोठे मानतात.’ मैत्रिणीने लिहिले होते की सांस्कृतिक वैविध्य आणि अस्मिता हा विषय पहिल्या वर्षाला शिकवताना ती दर वर्षी हे वाक्य फळ्यावर लिहिते. आता ती टिपणे छापून घेणार आहे, तर वाक्याखाली माझे नाव घातले तर चालेल का?

ते वाक्य माझेच होते, आणि मला त्याची लाज वाटत आली आहे.

वाक्य सरसकट खोटे आहे असे नाही. असे मानणारी माणसे मी पाहिलेली आहेत, त्यांतली काही माझ्या जवळची आहेत. पण मी ते ज्या परिस्थितीत उच्चारले ती परिस्थिती वहीच्या पानावर आलेली नाही, आणि येणार तरी कशी? त्या दिवशी वर्गात व्यक्तिस्वातंत्र्यावर चर्चा चालू होती. लांबट टेबलाभोवती आम्ही बाराजण बसलो होतो. तीन आठवडे मी तोंड उघडले नव्हते. प्रत्येक वेळी मनातल्या मनात वाक्य जुळवून होईपर्यंत चर्चा पुढे निघून जायची. आमचे प्राध्यापक अत्यंत सौम्य गृहस्थ होते आणि माझे गप्प राहणे त्यांच्या लक्षात आले असणार. ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुमच्या संस्कृतीत याकडे कसे पाहतात?’ बारा चेहरे माझ्याकडे वळले. त्या क्षणी मला जे वाटले ते अपमानाशी मिळतेजुळते होते असे लिहिणे सोपे आहे, आणि आजकाल तसे लिहायची रीतही आहे. पण खरे सांगायचे तर मला आनंद झाला होता. प्रथमच कुणाला तरी माझ्याकडून काही हवे होते. मी ते वाक्य बोलले, आणि लगेच पेने कागदावर चालू लागल्याचा आवाज आला. वर्गात इतर कुणी बोलले की पेने थोडी थांबत, काहीजण भुवया उंचावत, कुणीतरी हात वर करी. माझ्या वाक्यावर कुणीही हात वर केला नाही. ते सगळ्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले.

त्या वेळी मी घरी बोलत नव्हते, त्याला सात महिने झाले होते. बरी चाललेली नोकरी सोडून तत्त्वज्ञान शिकायला जाण्याचा माझा निर्णय घरात कुणालाच पटला नव्हता, आणि मी कुणालाही न जुमानता निघून आले होते. म्हणजे ज्या खुर्चीत बसून मी ते वाक्य उच्चारले, त्या खुर्चीत माझे असणे हाच त्या वाक्याचा प्रतिवाद होता. पुढे बोलणे सुरू झाल्यावर मी आईला हा प्रसंग सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, ‘असं कोण मानतं? मी तर नाही मानत.’

सांस्कृतिक वैविध्याचा विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गात सुरू होतो तो बहुधा प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या एका गोष्टीने. आमचाही तसाच झाला होता. पर्शियाचा सम्राट दरायस दरबारातल्या ग्रीकांना बोलावतो आणि विचारतो, किती द्रव्य दिले तर तुम्ही आपल्या मृत वडिलांचे शरीर खाल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग तो कलातिया नावाच्या भारतीय लोकांना बोलावतो, जे हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या मृत आईवडिलांना खात असत, आणि विचारतो, किती घेतले तर तुम्ही त्यांना जाळाल? ते मोठ्याने ओरडतात आणि असे अभद्र बोलू नका म्हणून विनवतात. रूढी ही सर्वांची राजा आहे, हे पिंडार कवीचे म्हणणे खरेच, असा हिरोडोटसचा निष्कर्ष. वर्गात या गोष्टीवरून सापेक्षतावादाकडे वळतात: प्रत्येकाला आपलीच रीत श्रेष्ठ वाटते, मग सर्वांना लागू पडणारे योग्य-अयोग्य असे काही आहे की नाही? प्रश्न महत्त्वाचा आहे. पण परीक्षेसाठी ती गोष्ट पुन्हा पुन्हा वाचताना माझे लक्ष प्रश्नापेक्षा त्या दालनाकडे जाऊ लागले. दरायसने गटाला बोलावले, म्हणून उत्तर गटाचे आले. त्या ओरडणाऱ्या माणसांत एखादा असा असेल की ज्याला बापाच्या देहाचे काय करायचे याविषयी आयुष्यभर शंका होती, आणि जो त्या दिवशी सम्राटासमोर, ग्रीकांच्या देखत, सगळ्यांत मोठ्याने ओरडला. मला तो माणूस ओळखीचा वाटतो.

त्याच गोष्टीतल्या आणखी दोन गोष्टी वर्गात बोलल्या गेल्या नाहीत. एक म्हणजे, पर्शियन लोक आपल्या मृतांचे काय करतात हे कुणी दरायसला विचारत नाही. हिरोडोटसला त्याची माहिती होती. प्रेताला मेण लावून पुरण्याची रीत त्याने त्याच ग्रंथात आधी नोंदवलेली आहे. पण या प्रसंगात विचारणारा हा विचारणाराच राहतो, त्याला रीत नसते, त्याच्याकडे फक्त कुतूहल असते. आमच्या वर्गातही उरलेल्या अकराजणांपैकी कुणाला ‘तुमच्या संस्कृतीत’ असा प्रश्न आलेला मला आठवत नाही. त्यांना विचारले जाई, ‘तुम्हाला काय वाटते?’ दुसरी गोष्ट म्हणजे दुभाषा. कलातिया लोकांचे बोलणे तिथे हजर असलेल्या ग्रीकांना दुभाष्यामार्फत कळत होते, असे हिरोडोटस स्पष्ट सांगतो. त्या दुभाष्याने काय ऐकले आणि काय सांगितले, यावर सापेक्षतावादाचा सगळा डोलारा उभा आहे, आणि त्याचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही.

दुभाष्याची आठवण मला वारंवार येते, कारण त्या दिवशी माझी मीच दुभाषी होते आणि नेमके एका सर्वनामापाशी अडखळले होते. वर्गाच्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. मराठीत तोंड उघडतानाच ठरवावे लागते की समोरच्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे. ‘आम्ही निघतो’ म्हटले की समोरचा घरातच राहतो, ‘आपण निघू या’ म्हटले की तो चपला शोधू लागतो. वर्गाच्या भाषेत हा निर्णय बोलणाऱ्याला घ्यावा लागत नाही. तो ऐकणारा घेतो. मी बोलले त्या वाक्यातला ‘आम्ही’ ऐकणाऱ्यांनी ठरवला होता, तेही मी बोलण्यापूर्वी, प्रश्न विचारला गेला तेव्हाच. आणि ‘आपण’ या शब्दाची तर गंमत अशी की तो समोरच्याला सामील करून घेतो, त्याला मान देतानाही तोच वापरला जातो, आणि ‘ज्याने त्याने आपण ठरवावे’ असे म्हणताना तो एकट्या माणसावर येऊन थांबतो. मी, तू आणि आपण सगळे, एवढे सगळे एका शब्दात नांदवणाऱ्या भाषेत जर मला तो प्रश्न विचारला गेला असता, तर मी काय उत्तर दिले असते याचा विचार मी अनेकदा केला आहे. कदाचित तेच दिले असते. भाषा शहाणी असली म्हणून बोलणारा शहाणा असतो असे नाही.

अस्मितेच्या शब्दाची गत याहून मजेशीर आहे. आठवड्यातून एक दिवस असा असे की सकाळी आम्हाला सत्ताशास्त्राचा, म्हणजे ‘असणे’ म्हणजे काय याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, तास असे आणि दुपारी राजकीय तत्त्वज्ञानाचा, आणि दोन्हीकडे फळ्यावर एकच शब्द लिहिलेला असे. सकाळी त्याचा अर्थ तादात्म्य: एखादी वस्तू काळाच्या ओघात तीच आहे हे कशावरून? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या 1694 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या प्रश्नावर एक नवे प्रकरण घातले, आणि त्याच्या शीर्षकात ‘वैविध्य’ या अर्थाचाही शब्द आहे. आजच्या कुठल्याही अभ्यासक्रमाच्या कपाळावर शोभावे असे ते शीर्षक. पण लॉकला संस्कृतींशी काही कर्तव्य नव्हते. तोच आणि दुसरा, एवढाच त्याचा मामला. त्याच प्रकरणात राजपुत्राचे आणि मोच्याचे ते प्रसिद्ध उदाहरण येते: राजपुत्राची जाणीव आणि आठवणी मोच्याच्या शरीरात शिरल्या, तर ती व्यक्ती राजपुत्रच, कारण व्यक्ती म्हणजे जाणिवेचे सातत्य. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र तो मोचीच दिसणार, हेही लॉकने नोंदवून ठेवले आहे आणि मग त्या शेजाऱ्यांना तिथेच सोडून दिले आहे. दुपारच्या तासाला आम्ही नेमके त्या शेजाऱ्यांपासून सुरुवात करत असू. सकाळचा प्रश्न होता, मी तीच का? दुपारचा प्रश्न होता, मी त्यांच्यातलीच का?

मराठीत हे दोन अर्थ एका शब्दात कोंबलेले नाहीत. आपल्याकडे तादात्म्य वेगळे, ओळख वेगळी आणि अस्मिता वेगळी. अस्मिता हा शब्द आज छाती पुढे काढून उच्चारला जातो, पण पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी दुसरा क्लेश आहे. अविद्येच्या मागोमाग आणि राग (म्हणजे आसक्ती), द्वेष, अभिनिवेश (म्हणजे मरणाचे भय) यांच्या अगोदर तिचा क्रम लागतो. पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन जणू एकच आहेत असे वाटणे, म्हणजे अस्मिता. ज्या भिंगातून पाहायचे तेच आपण आहोत असे समजणे. हे मला ग्रंथालयाच्या तळघरात, एका जाड कोशाच्या पिवळ्या पडलेल्या पानावर सापडले, तेव्हा मी मोठ्याने हसले होते आणि समोरच्या टेबलावरच्या मुलाने माझ्याकडे वैतागून पाहिले होते. शब्दांचे अर्थ बदलतात, त्यावरून आजच्या वापराला कमी लेखणे बरोबर नाही, हे मला कळते. तरी ज्या शब्दाने आज माणसे ताठ उभी राहतात तो मुळात एका दुखण्याचे नाव होता, हे डोक्यातून जात नाही.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने तर आत डोकावून पाहिले आणि त्याला कुणी सापडलेच नाही. 1739 साली त्याने लिहिले की मी जेव्हा जेव्हा स्वतःला शोधायला आत जातो तेव्हा तेव्हा मला उष्ण किंवा थंड, सुख किंवा दुःख, अशी कुठली तरी संवेदनाच भेटते. ‘मी’ कधी हाती लागत नाही. हे वाचून अनेकांना धस्स होते. मला सुटल्यासारखे वाटले होते. मग दुपारच्या तासासाठी राष्ट्रांच्या स्वभावावरचा त्याचा निबंध काढला, आणि त्यात 1753 साली त्याने घातलेली तळटीप वाचली, जिच्यात गोऱ्यांखेरीज सगळे मानववंश निसर्गतःच कनिष्ठ असावेत अशी शंका तो बिनदिक्कत व्यक्त करतो. स्वतःच्या आत ज्याला स्वतःचा पत्ता लागला नाही, त्याला खंडच्या खंड माणसांचा स्वभाव मात्र बसल्या जागी सापडला. मी ह्यूमवर चिडले खरी, पण चिडता चिडता माझे चौकटीतले वाक्य आठवले. तुच्छतेने नव्हे, अभिमानानेही नव्हे, नुसत्या सोयीसाठी, मीही लाखो माणसांचा स्वभाव एका वाक्यात सांगून मोकळी झाले होते.

वर्गाने ते वाक्य निमूटपणे स्वीकारले याचे मला पुढे वाईट वाटू लागले, आणि का वाटते ते कॅनडातले तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर वाचताना उलगडले. माणसाला मिळणारी मान्यता ही केवळ सौजन्याची बाब नव्हे, ती त्याची गरज आहे. चुकीची मान्यता मिळाली, तर ती माणसाला आतून मोडते, हे टेलरचे 1992 सालच्या निबंधातले प्रतिपादन सगळीकडे उद्धृत होते. त्याच निबंधाच्या शेवटी शेवटी तो जे म्हणतो त्याची आठवण त्या मानाने कमी निघते. दीर्घकाळ टिकलेल्या प्रत्येक संस्कृतीजवळ सांगण्यासारखे काही असणार, हे अभ्यासाला बसण्यापूर्वीचे गृहीतक म्हणून धरावे. पण अभ्यास न करताच सगळ्यांना समान मूल्याचे प्रमाणपत्र वाटणे म्हणजे आदर नव्हे, तो वरून खाली पाहणेच आहे. त्या दिवशी मला असे प्रमाणपत्र मिळाले होते. शेजारच्या मुलाने व्यक्तिस्वातंत्र्याविषयी काही मांडले असते तर त्याच्यावर तिघांनी झडप घातली असती. ‘आमच्यात’ या शब्दाने माझे वाक्य वादाच्या बाहेर नेऊन ठेवले, संग्रहालयातल्या वस्तूसारखे काचेच्या आत, आणि हात लावू नये अशी पाटी मी स्वतःच लावली होती.

तरीही एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. त्या वाक्यानंतरच मी वर्गात बोलू लागले. बोलण्याचा परवाना मला खोट्या नावावर मिळाला, पण मिळाला. आमच्या अभ्यासक्रमात ‘इतर परंपरा’ नावाचा एक आठवडा असे, सत्राच्या अगदी शेवटी, जेव्हा निम्मा वर्ग निबंध लिहिण्यासाठी गायब झालेला असतो. त्या एका आठवड्यात बौद्ध भिक्षू नागसेन, चीनचा कन्फ्यूशियस आणि मध्ययुगीन इस्लामी तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी दाटीवाटीने बसून घ्यायचे, एकाच डब्यात चढलेल्या प्रवाशांसारखे. पुढच्या वर्षी नागसेनाचे रथाचे उदाहरण सकाळच्या तासात, लॉकच्या शेजारी आले. मिलिंद राजा रथातून आलो म्हणतो, तर मग रथ म्हणजे आस की चाके की जू, हे नागसेनाचे प्रश्न ह्यूमच्या आधीच्या तासाला वाचले की ह्यूम अधिक नीट कळतो. हा बदल घडावा म्हणून आम्ही तिघी-चौघींनी जे अर्ज केले त्यांत ‘आमची परंपरा’ हे शब्द आम्ही सढळ हाताने वापरले होते. ते वापरल्याशिवाय दार उघडले नसते. दार उघडण्यापुरते ‘आम्ही’ व्हायचे आणि आत गेल्यावर ‘मी’ म्हणून बसायचे, असा आमचा बेत होता. पण आत गेल्यावरही लोक दारातल्या नावानेच हाक मारतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिया यांनी टेलरना उत्तर देताना हीच अडचण दाखवली आहे: मान्यता मिळते तेव्हा तिच्यासोबत एक संहिताही हाती दिली जाते, अशा माणसाने कसे वागावे याची, आणि जुनी अपमानाची संहिता टाकून नवी सन्मानाची घेतली तरी ती पाठ करावीच लागते. अमर्त्य सेन यांनी 2006 सालच्या पुस्तकात माणसाच्या एकाच वेळी असणाऱ्या अनेक ओळखींचा पक्ष घेतला. तो मला पटतो, मात्र अनेकांतून निवडण्याची मोकळीक बाराजणांच्या टेबलावर सगळ्यांना सारखी मिळत नाही.

आणि ‘आमच्यात’ म्हणण्याचा अधिकार कुणाला असतो, हा प्रश्न तर मी खूप उशिरा विचारला. स्त्रीवादी राजकीय तत्त्वज्ञ सुझन मोलर ओकिन यांनी 1997 साली बहुसांस्कृतिकता स्त्रियांसाठी वाईट आहे का, असा थेट प्रश्न टाकला तेव्हा मोठा वाद झाला. परक्या समाजांविषयी त्या फार ठोकळेबाज बोलतात, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला बराचसा रास्त वाटतो. पण समूहाच्या वतीने बोलायला जे पुढे येतात ते बहुधा त्या समूहातले वडीलधारे पुरुष असतात, हे त्यांचे निरीक्षण मला कुठेही टाळता आलेले नाही. माझ्या बाबतीत तर उलटाच प्रकार झाला. तरुण मुलगी पुढे आली, आणि तिने वडीलधाऱ्यांचेच वाक्य म्हणून दाखवले. ज्या वाक्याने मला घरी अडवले होते, तेच वाक्य मी परक्या टेबलावर आपले म्हणून मांडले.

मैत्रिणीला काय कळवावे हे ठरवण्यात माझे दोन आठवडे गेले. नाव घालू नकोस, एवढे म्हणून सुटता आले असते. पण नाव काढले की ते वाक्य आणखीच एका संपूर्ण संस्कृतीचे होऊन बसले असते. शेवटी मी लिहिले की नाव अवश्य घाल, पण शेजारी हेही छाप की हे बोलणाऱ्या मुलीने तेव्हा सात महिने घरी फोन केला नव्हता, आणि तिच्या आईला हे वाक्य मान्य नाही. पाठवण्यापूर्वी पानाचा फोटो एकदा मोठा करून पाहिला. समासातला तो करडा ठिपका धुळीचा नव्हता. ते पेन्सिलीने काढलेले एक प्रश्नचिन्ह होते, अगदी बारीक, वाक्याच्या बरोबर समोर, कुणी पाहू नये अशा बेताने काढलेले.

ते तू कधी काढलेस, असे मी ईमेलच्या शेवटी विचारले. दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर आले. तू बोलत होतीस तेव्हाच, तिने लिहिले. मला विचारायचे होते, पण तुझ्या संस्कृतीबद्दल शंका घेणे बरे दिसणार नाही असे वाटले.

मग आता विचार, मी लिहिले.

तिचा प्रश्न संध्याकाळी आला. एकाच ओळीचा होता: ‘तुझ्या त्या “आमच्यात”मध्ये तेव्हा कोण कोण होते?’ मी उत्तर लिहायला घेतले आहे. आतापर्यंत चार माणसे झाली आहेत, आणि त्यांतल्या दोघांना ते वाक्य मान्य नाही.